पाय मोजा आधी: पहिला रिसीव्हर बांधणाऱ्यांसाठी

सोल्डरिंग येतं, रेझिस्टरचे रंग वाचता येतात, हॅम रेडिओ म्हणजे काय ते ठाऊक आहे असं धरूनच लिहितोय. मी बेळगावचा, शहापुरातला. ४० मीटर बँडचा, म्हणजे ७ मेगाहर्ट्झचा साधा डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हर (अँटेनाचा सिग्नल सेटमधल्या ऑसिलेटरच्या, म्हणजे स्वतः लहरी तयार करणाऱ्या भागाच्या, सिग्नलशी मिसळून थेट आवाज काढणारा) बांधताना माझे तीन आठवडे गेले, ते आठवलं की अजून पोटात खड्डा पडतो. तुमचे जाऊ नयेत.

सर्किटच्या ऑसिलेटरमध्ये होता २एन३९०४ ट्रान्झिस्टर. दुकानात तो नव्हता, दुकानदार म्हणाले, "बीसी ५४७ घ्या की, तेच काम करतंय." खोटं नव्हतं ते. दोन्ही एनपीएन, ७ मेगाहर्ट्झला दोन्ही मस्त चालतात. पण पाय उलटे! सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर ३९०४ चे डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर, आणि ५४७ चे कलेक्टर, बेस, एमिटर. बेस दोन्हींत मधेच, त्यामुळे बोर्डावर बघून काहीच खटकत नाही.

आता हे नीट वाचा, दोनदा वाचा. उलटा लावलेला ट्रान्झिस्टर सरळ जळला असता तर बरं झालं असतं, तो अर्धा जिवंत राहतो. बेस आणि कलेक्टरमधलंही जंक्शनच आहे, ते कंडक्ट करतंच, त्यामुळे मीटर लावला की एमिटरच्या जागी बेसपेक्षा ०.६ व्होल्ट कमी दिसतात, अगदी पुस्तकात असतात तसे, आणि आपण खूश होऊन पुढं जातो. गेन, म्हणजे करंट किती पट वाढतो तो आकडा, मात्र दोनशे-तीनशेवरून दहाच्या आसपास पडलेला असतो, तेवढ्यावर ऑसिलेटर कशाला सुरू होतोय. माझ्या बोर्डावर ९ व्होल्टच्या सप्लायला बेसवर साडेचार व्होल्ट हवे होते, तिथं तीनसुद्धा नव्हते. गेन नाही म्हणून बेस जास्त करंट ओढत होता आणि बेसला व्होल्टेज देणारी दोन रेझिस्टरची जोडी, म्हणजे डिव्हायडर, खाली बसत होता. मी म्हटलं मीटर स्वस्तातला आहे. ती एक चूक मला तीन आठवड्यांना पडली.

त्यात दुसरा चकवा असा की सेटमधून आवाज येत होता! संध्याकाळी ७२०० किलोहर्ट्झच्या वर ब्रॉडकास्टवाले जोरात असतात, ऑसिलेटर बंद असला तरी सिग्नल मिसळणाऱ्या मिक्सरचे डायोड डिटेक्टरसारखे वागतात आणि ती स्टेशनं एकात एक मिसळून ऐकू येतात. ट्यूनिंग फिरवूनही तीच स्टेशनं येत राहिली, तर समजा ऑसिलेटर मेलाय. मी मात्र कॉइलला दोष देत बसलो, लाल टी५०-२ टोरॉइडवर, म्हणजे कॉइलच्या गोल कड्यावर, तीनदा वायर गुंडाळली. (भोकातून वायर एकदा गेली की एक वेढा, बाहेरून मोजू नका. २० वेढ्यांना साधारण २ मायक्रोहेन्री.)

शेवटी गल्लीत रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांकडं गेलो. त्यांनी सोल्डरिंग इस्त्री हातात घेतली नाही, एवढंच विचारलं, "पाय मोजलास काय रे?" मल्टिमीटरच्या एचएफई, म्हणजे गेन मोजायच्या, सॉकेटमध्ये घालून बघायला लावलं, सरळ घातला तर २८०, उलटा घातला तर ७. माझं मत विचाराल तर गुरू असाच असावा. तुमच्या हातातली सोल्डरिंग इस्त्री काढून घेऊन स्वतःच जोडून देणारा कितीही हुशार असो, त्याच्याकडं शिकायला जाऊ नका.

ट्रान्झिस्टर फिरवून लावला. ऑसिलोस्कोप नव्हताच, घरचा शॉर्टवेव्ह रेडिओ शेजारी ठेवून ७ मेगाहर्ट्झवर काटा हळू सरकवत नेला, एका जागी खरखर एकदम गप्प झाली, म्हणजे ऑसिलेटरचा सिग्नल तिथं येत होता. सेट बंद केला, खरखर परत आली. चालू केला, गप्प. असं मी दहा वेळा तरी केलं असेल. आई उठून आली, "काय करायलास रे एवढ्या रात्री?" मला बोलताच येईना.

तयार मॉड्यूल घेऊन जोडणं मला पटत नाही, निदान पहिला सेट तरी स्वतः बांधा. हैदराबादच्या अशर फरहान यांनी बिटएक्स हा घरी बांधायचा हॅम सेट बनवला तेव्हा कॉइलसाठी नळाचे वायसर वापरले होते, त्यामुळं सामान मिळत नाही हे कारण सांगू नका. घाबरूही नका, पहिला सेट पहिल्याच दिवशी बोललेला मला तरी कुणी भेटला नाही.

अँटेनाला दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर वायर पुरते, माझं एक टोक फणसाला बांधलंय. वळवाचे ढग खानापूरकडून दिसले की वायर सेटमधून काढून बाहेर टाका, यात आळस नको.

ट्रान्समीटरची घाई करणाऱ्यांना स्पष्ट सांगतो, लायसन्स हातात येईपर्यंत अँटेना जोडायची नाही. मोर्सची परीक्षा न देता रिस्ट्रिक्टेड ग्रेड मिळते, कॉलसाइन व्हीयू३ ने सुरू होतो, मोर्स दिला की जनरल, व्हीयू२. तोवर डमी लोडवरच, म्हणजे अँटेनाच्या जागी रेझिस्टर लावूनच, चाचणी करा, एक किलोओहमचे २० रेझिस्टर पॅरलल लावले की ५० ओहम होतात. कार्बनचे घ्या, वायरवाउंड देऊ लागले तर परत करा, त्यांची आत कॉइलच असते.