पाणी नितळ होतं, तरी आर्सेनिक निघालं

आमच्या बोअरचं पाणी काचेसारखं नितळ, चवीलाही गोड. म्हणून सात वर्षं आम्ही ते नुसतं यूव्हीतून काढून प्यायलो. मग तपासणीचा रिपोर्ट हातात आला: विषारी आर्सेनिक, लिटरमागे 38 मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 10 आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण मुलीचं सगळं बालपण याच पाण्यावर गेलं होतं.

आर्सेनिकला रंग, वास, चव काही नसतं. यूव्ही जंतू मारतं, आर्सेनिकला हात लावत नाही. उकळून तर उलटंच होतं: पाण्याची वाफ जाते, आर्सेनिक भांड्यातच राहतं.

नमुना घेताना पंप पाच-दहा मिनिटं चालू ठेवा आणि कुठल्याही फिल्टरच्या आधीच्या नळाचं पाणी भरा. प्रयोगशाळेच्या बाटलीत आधीच आम्लाचे थेंब असतील तर ती विसळू नका. लोह, फॉस्फेट आणि पीएचही तपासून घ्या. आणि पाण्यात आर्सेनिकचं कुठलं रूप आहे, आर्सेनिक तीन की आर्सेनिक पाच, हे आवर्जून विचारा. त्यासाठी नमुना वेगळ्या पद्धतीने घ्यावा लागतो.

मी विचारलं नव्हतं. ओट्याखाली आरओ बसवला, फेरतपासणी केली, तरी 14. आर्सेनिक पाचवर विद्युतभार असतो, मेम्ब्रेन म्हणजे आरओमधला पातळ गाळणपडदा ते चांगलं अडवतं. आर्सेनिक तीनवर नेहमीच्या पीएचला भार नसतो, त्यामुळे त्यातलं बरंचसं निसटतं. जमिनीखालच्या प्राणवायू नसलेल्या पाण्यात बहुधा हेच सापडतं.

उपाय म्हणजे आधी क्लोरीन. त्याने तीनचं पाच होतं. पण तोच क्लोरीन मेम्ब्रेन खराब करतो, म्हणून क्रम चुकवू नका: क्लोरीन, त्याला काम करायला वेळ देणारी टाकी, उरलेलं क्लोरीन काढणारा कार्बन फिल्टर, मग आरओ. दर रविवारी मी दोन परीक्षानळ्या भरते, एक टाकीतल्या पाण्याची, एक कार्बननंतरची, आणि दोन्हींत क्लोरीन तपासायचं द्रावण थेंबथेंब टाकते. पहिली पिवळी व्हायलाच हवी, दुसरी तशीच बिनरंगी राहायला हवी. दुसरीत पिवळी झाक दिसली की कार्बन बदलायचा. या रचनेनंतरचा आमचा आकडा 2 आला.

आरओ नको असेल तर लोहाच्या ऑक्साइडचे दाणे भरलेली टाकी मिळते. एकापाठोपाठ दोन लावा आणि मधे नमुन्यासाठी नळ ठेवा. पहिलीतले दाणे आर्सेनिकने भरले की मधल्या नळाच्या नमुन्यातच कळतं, दुसरी तोवर सांभाळून घेते. पाण्यात फॉस्फेट जास्त असेल तर दाणे लवकर संपतात.

आंघोळीच्या पाण्याची मी चिंता सोडली, त्वचेतून फारच थोडं आत जातं. पिण्याला, स्वयंपाकाला आणि बाळाच्या दुधाला मात्र फक्त शुद्ध केलेलंच पाणी. आरओच्या बाहेर टाकलेल्या पाण्यात आर्सेनिक अधिक दाट असतं, ते गुरांना पाजू नका, भाजीच्या वाफ्यातही सोडू नका. आमच्याकडे ते संडासाच्या टाकीत जातं.