पहिल्यांदा एकटीनं गाडी घाटात न्यायची असेल तर

एकवीस वर्षांच्या संसारानंतर घटस्फोट झाला आणि वाटणीत वॅगनआर माझ्याकडे आली. लायसन्स जुनंच होतं, पण हायवेला स्टिअरिंगवर मी कधीच बसले नव्हते. जूनपासून गाडी धनकवडीत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी. दसऱ्याला शेजारी गाड्यांना झेंडूचे हार घालत होते. मी कव्हर काढलं, गाडी पुसली, हार घातला आणि तिथंच ठरवलं की दिवाळीआधी एकटीनं वाईला जायचं, एक रात्र राहायचं आणि परत यायचं. तुमच्याही घरात असं काही मोडलं असेल, बदललं असेल आणि खाली गाडी नुसती उभी असेल, तर हे तुमच्यासाठी.

ठिकाण मोठं निवडू नका. वाई पुण्याहून साधारण 90 किलोमीटर. वाटेत एकच मोठा घाट, खंबाटकीचा. बाकी रस्ताभर वस्ती, पंप, हॉटेलं. पुढे पाचगणीला चढणारा पसरणी घाट मोह घालतो, पण तो दुसऱ्या खेपेला ठेवा. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा मला सगळ्यात बरा वाटतो. पाऊस बहुतेक ओसरलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात, कडेला कुठंकुठं पिवळी सोनकी दिसते. दुपारी मात्र ऊन चटके देतं, म्हणून सकाळी सहाला निघा. आणि शनिवार-रविवार टाळा. मी रजा टाकून मंगळवारी गेले.

चार महिने उभ्या गाडीची बॅटरी उतरलेली असणारच. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या मुलाला बोलावून चालू करून घेतली, तेव्हाच त्याच्यासमोर स्टेपनी स्वतः बदलून पाहिली. "काकू, पान्यावर पाय देऊन जोर लावा," असं त्यानं सांगितलं आणि घट्ट बसलेला नट सुटला. हे घरी करून बघाच. हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. फास्टॅगमध्ये पैसे, पीयूसीची तारीख, ब्रेक ऑइल हेही बघून घ्या.

खरी तयारी वेगळीच. आपल्याला नक्की कशाची भीती वाटते ते एका वाक्यात लिहून काढा. माझं वाक्य होतं: चढावर गाडी बंद पडेल आणि मागे घसरेल. मग मी दोन रविवार पहाटे कात्रजच्या जुन्या घाटात गेले, धाकटा भाऊ शेजारी. पहिल्याच चढाला गाडी बंद पडली. मागे एसटी, तिचा हॉर्न, माझे हात घामानं ओले. भाऊ एवढंच म्हणाला, "ताई, हँडब्रेक ओढ. आता गाडी कुठंही जात नाही."

ते वाक्य मी अजून जपून ठेवलंय. हँडब्रेक ओढा, गाडी चालू करा, पहिला गिअर टाका. क्लच अगदी हळू सोडत या. एका जागी इंजिनचा आवाज जड होतो आणि बॉनेट किंचित वर उचलल्यासारखं होतं. पाय तिथंच धरा. थोडा ॲक्सिलरेटर द्या आणि मग हँडब्रेक खाली. मागचा कितीही हॉर्न वाजवू दे, हा क्रम बदलायचा नाही. त्या दोन रविवारी मी हे तीसेक वेळा केलं. कोर्टाच्या तारखांच्या दिवसांतही माझे हात असेच थरथरायचे, पण तेव्हा हातांना करायला काही नव्हतं.

आईनं विरोध केला. "अगं, एवढंच वाटतंय तर एसटीनं जा." मी वाद घातला नाही. तीनदा फोन करेन असं कबूल केलं आणि केले: शिरवळ, वाई, परतीला पुन्हा शिरवळ.

नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो आणि थोड्याच वेळात खंबाटकी. मी गेले तेव्हा जाणारी वाहनं घाट चढत होती, येणारी बोगद्यातून. चढताना ट्रकच्या मागे चिकटू नका, दोन गाड्यांची जागा सोडा. दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश चढा. मागच्यांना घाई असेल तर ते जातील पुढे. घाट उतरलात की सुरूर फाट्याला वाईसाठी वळायचं.

लॉजला आधीच फोन करून "एकटीच आहे, गाडी आत लावायची आहे" असं स्पष्ट सांगा, म्हणजे काउंटरवर उत्तरं देत बसावं लागत नाही. दुपारी वाईजवळच्या मेणवलीला गेले. नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णेचा घाट आणि मंदिरापाशी वसईच्या 1739 च्या विजयानंतर आणलेली मोठी घंटा. जड संध्याकाळ असते. सात ते नऊ या वेळात रडू येतं, मलाही आलं. त्या वेळेसाठी काहीतरी आधीच ठरवून ठेवा. मी ढोल्या गणपतीच्या घाटावर पायऱ्यांवर बसले, मग पिठलं-भाकरी खाऊन लवकर झोपले. अंधारात गाडी काढायची नाही, हे पक्कं. उसाचा हंगाम सुरू झाला की मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, त्या अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत.

परतीला दोन जागा सांभाळा. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडताच उतारावर नागमोडी वळण आहे, तिथं वेग आधीच कमी केलेला हवा. आणि कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा लांब उतार. डिझेल-पेट्रोल वाचवायला न्यूट्रल मुळीच टाकू नका. तिसरा गिअर, डावी बाजू, ट्रकपासून लांब. कुठं अडलातच तर हायवेचा मदत क्रमांक 1033, एरवी 112.

घरी आल्यावर गाडीवर लगेच कव्हर घालू नका. चार दिवसांच्या आत पुन्हा काढा, मार्केट यार्डात भाजीला का होईना. मी शुक्रवारी गेले, आईला शेजारी बसवून.