सासू-सासऱ्यांच्या तिकिटाचे माइल्स वाया घालवू नका

आमच्या घरातली माणसं चार ठिकाणी विखुरलेली आहेत. आम्ही चौघं दुबईत करामाला, सासू-सासरे सांगलीला, माझी आई कोल्हापूरला आणि दादा-वहिनी ह्यूस्टनला. थंडी सुरू झाली की सांगलीची मंडळी इकडे येतात, जुलैत शाळा सुटली की आम्ही तिकडे जातो, आणि आई दादाकडे जाता-येता आमच्याकडे उतरते. यातला बहुतेक प्रवास एमिरेट्सचा, कारण मुंबईहून दुबई आणि दुबईहून ह्यूस्टन हे दोन्ही टप्पे एकाच कंपनीत होतात.

एवढा प्रवास होऊनही कुणाच्याच नावावर धड माइल्स (प्रवासाबद्दल विमान कंपनी देते ते, पुढच्या तिकिटाला वापरता येणारे गुण) नसतात. सासूबाई दोन वर्षांतून एकदा येणार, त्यांच्या खात्यात जेमतेम काही हजार. त्या काही हजारांत काहीच येत नाही, आणि स्कायवर्ड्सचे, म्हणजे एमिरेट्सच्या योजनेचे, माइल्स तीन वर्षांनी, ज्या महिन्यात वाढदिवस त्या महिन्याच्या अखेरीस, बाद होतात. एमिरेट्सच्या ‘माय फॅमिली’ या सोयीत घरच्यांचे माइल्स एका खात्यात जमा करता येतात. नोकरीने मी अकाउंटंट, त्यामुळे हे खातं आपोआप माझ्या गळ्यात पडलं. ते कसं चालवायचं ते सांगते.

सगळ्यात आधी प्रत्येकाचं स्वतःचं स्कायवर्ड्स खातं लागतं. ते फुकट आहे. दोन ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी ‘स्कायसर्फर्स’ नावाचं वेगळं खातं असतं, ते आईवडिलांनी काढायचं. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला माइल्स मिळत नाहीत, त्यामुळे त्याची घाई नको.

खातं काढताना नावाकडे नीट लक्ष द्या, कारण आपल्याकडचा सगळा घोळ इथेच होतो. आपल्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि दुसऱ्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव शेजारीशेजारी. तिकिटावर ही दोन्ही नावं कधी जोडून छापली जातात, कधी सुटी. स्कायवर्ड्सच्या अर्जात मात्र आपण सवयीने फक्त स्वतःचं नाव आणि आडनाव लिहितो. मग तिकिटावरचं नाव आणि खात्यातलं नाव जुळत नाही आणि माइल्स अडकतात. म्हणून पासपोर्ट समोर ठेवा आणि त्यातलं जसंच्या तसं लिहा. स्पेलिंगही तेच. लग्नानंतर घरात आणि बँकेत नाव बदललं, पण पासपोर्ट माहेरच्या नावाचाच राहिला, अशा बायका माझ्या ओळखीत भरपूर आहेत. त्यांनी पासपोर्टचंच नाव धरायचं. पुढे पासपोर्ट बदलला की खात्यातलं नावही बदलून घ्यायचं.

मोठ्या माणसांना प्रत्येकी वेगळा ईमेल लागतो. सासऱ्यांचा ईमेल होता, सासूबाईंचा नव्हता. तो काढून दिला आणि पासवर्ड त्यांच्याच वहीत लिहून ठेवला. हे काम शक्यतो ती मंडळी तुमच्या घरी आलेली असताना, शेजारी बसून करा. फोनवरून सांगलीला ‘आता तो कोड वाचून दाखवा’ म्हणत बसलात तर कोड वाचून होईपर्यंत त्याची वेळ संपलेली असते.

आता या एकत्र खात्याचा प्रमुख कोण? मान म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला प्रमुख करायची इच्छा होते. करू नका. जमा झालेले माइल्स वापरायचं काम प्रमुखाकडे असतं. जो ईमेल रोज उघडतो, तिकिटं स्वतः काढतो आणि ज्याच्याकडे चालू कार्ड असतं, त्यालाच प्रमुख करा. सासऱ्यांना मी हे कारण सरळ सांगितलं. त्यांनी ‘बरं झालं’ म्हणून पेपर पुन्हा उघडला.

प्रमुखाने आपल्या खात्यात जाऊन ‘माय फॅमिली’ सुरू करायचं आणि बाकीच्यांना आमंत्रण पाठवायचं. आठ जणांपर्यंत जोडता येतात. नवरा, दोन मुलं, सासू, सासरे, आई, दादा, वहिनी: आमचे बरोबर आठ झाले. एक माणूस एका वेळी एकाच कुटुंबात राहू शकतो, त्यामुळे वहिनीला आधी विचारून घ्या. तिच्या माहेरच्यांनी तिला आधीच जोडलेलं असेल तर तो विषय तिथेच सोडायचा, रुसवेफुगवे नकोत.

आपल्या मिळकतीतला किती टक्के वाटा एकत्र खात्यात टाकायचा हे सभासदाने ठरवायचं. शंभर टक्केही टाकता येतात. हा वाटा पुढे मिळणाऱ्या माइल्सवर लागतो. आधी स्वतःच्या खात्यात साठलेले तिथेच राहतात, म्हणून मोठा प्रवास व्हायच्या आधी सगळ्यांना जोडून घेतलेलं चांगलं. सासू-सासरे, आई आणि मुलं यांचे शंभर टक्के ठेवावेत असं माझं मत आहे. दादाचं वेगळं. तो कामासाठी फिरतो, त्याला स्वतःची सीट वरच्या वर्गात करून घ्यायला माइल्स लागतात. त्याला किती टाकायचे ते त्याने ठरवावं. पहिल्याच दिवशी त्याच्याकडून शंभर टक्क्यांचा आग्रह धरला तर पुढची दिवाळी त्यावर बोलण्यात जाते.

जास्त फिरणाऱ्यांना एक शंका हमखास असते: सगळे माइल्स दिले तर माझा सिल्व्हर, गोल्ड हा सभासदत्वाचा वरचा दर्जा जाईल का? नाही जात. तो ठरतो तो ‘टियर माइल्स’वर, आणि ते ज्याचे त्याच्याकडेच राहतात. सिल्व्हरला २५,००० आणि गोल्डला ५०,००० टियर माइल्स लागतात. एकत्र खात्यात जातात ते खर्चायचे माइल्स.

भिशीसारखंच आहे म्हणून घरच्यांना समजावायला सोपं जातं, पण एक फरक आधीच सांगून टाका. भिशीत आपली पाळी ठरलेली असते, इथे नाही. एकदा आत टाकलेले माइल्स ‘माझे परत द्या’ म्हणून मिळतील असं धरून चालू नका. ज्याला हे पटत नाही त्याने टक्के कमी ठेवावेत.

खातं झालं म्हणजे माइल्स आपोआप येतात असं नाही. प्रत्येक तिकिटावर त्या त्या प्रवाशाचा स्कायवर्ड्स नंबर चढलेला हवा. चौघांचं तिकीट एकत्र काढलं आणि फक्त नवऱ्याचा नंबर टाकला, तर माइल्स फक्त नवऱ्याचे. सांगलीचं तिकीट एजंट काढतो, त्याला मी सगळ्यांचे नंबर एका व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमध्ये पाठवून ठेवलेत. तरी तिकीट हातात आलं की वेबसाइटवर बुकिंग उघडून बघते. काउंटरवरही नंबर सांगता येतो. बोर्डिंग पासवर ‘ईके’ने सुरू होणारा नंबर छापलेला दिसला म्हणजे झालं.

प्रवास झाल्यावरही बोर्डिंग पास फेकू नका, माइल्स जमा होईपर्यंत फोटो तरी काढून ठेवा. जमा झाले नाहीत तर प्रवासानंतर सहा महिन्यांच्या आत वेबसाइटवरून मागता येतात. तिकिटाचा नंबर लागतो, तो ई-तिकिटावर असतो. फ्लायदुबई या दुबईच्याच दुसऱ्या विमान कंपनीच्या प्रवासाचेही स्कायवर्ड्स माइल्स मिळतात. ईदच्या सुट्टीत तिबिलिसीला जाणारे हे हटकून विसरतात.

किती मिळतील हे भाड्याच्या प्रकारावर ठरतं. एकाच विमानात, एकाच रांगेत बसलेल्या दोघांना वेगवेगळे माइल्स मिळू शकतात. ‘स्पेशल’ सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी माइल्स देणारं, मग ‘सेव्हर’, मग ‘फ्लेक्स’ वगैरे. पण म्हणून जास्त माइल्ससाठी महाग तिकीट काढू नका. दुसऱ्या कंपनीचं तिकीट चांगलं स्वस्त मिळत असेल तर खुशाल तेच काढा. मीही काढते.

वापरताना मात्र गणित मांडा. माइल्सवर तिकीट म्हणजे फुकट तिकीट नव्हे. कर आणि कंपनीचे आकार रोख भरावेच लागतात, आणि ते चांगलेच असतात. माझी रीत अशी. समजा, पैसे देऊन तिकीट १,५०० दिरहमला आहे. तेच माइल्सवर ३०,००० माइल्स अधिक ६०० दिरहम. म्हणजे ३०,००० माइल्सनी वाचवले ९०० दिरहम, एका माइलला ३ फिल्स (शंभर फिल्सचा एक दिरहम). (आकडे हिशेब दाखवण्यापुरते घेतले आहेत.) हाच भागाकार प्रत्येक पर्यायाला करायचा आणि ज्यात एका माइलला जास्त फिल्स मिळतात तो घ्यायचा. माइल्सवरच्या प्रवासाचे नवे माइल्स मिळत नाहीत, तेही मनात धरायचं.

या हिशेबात ‘कॅश प्लस माइल्स’, म्हणजे थोडे पैसे आणि थोडे माइल्स देऊन तिकीट काढणं, बहुतेक वेळा मागे पडतं. ते २,००० माइल्सपासून चालतं, त्यामुळे मोह होतो, आणि थोडे थोडे करत खातं रिकामं होतं. मुदत संपत आलेले चिल्लर माइल्स असतील तरच मी ते वापरते. एकत्र खात्यातल्या माइल्सची मुदत ‘माय फॅमिली’च्या पानावर दिसते, दर दोन-तीन महिन्यांनी बघत जा. ‘क्लासिक रिवॉर्ड’च्या, म्हणजे भाडं माइल्समध्ये द्यायच्या तिकिटांच्या, सीट मोजक्या असतात. डिसेंबरच्या किंवा जुलैच्या हव्या असतील तर तारखा जवळपास अकरा महिने आधी खुल्या होतात, तेव्हाच शोधायला लागा.

आमचे माइल्स बहुतेक आईच्या अपग्रेडवर जातात. दुबई-ह्यूस्टन म्हणजे सोळा तासांच्या आसपास, आणि तिचे गुडघे दुखतात. मुंबई-दुबई तीन तासांचं, तिथे वरच्या वर्गात बसवून काय मिळवायचं? लांबचा टप्पा तेवढा अपग्रेड करायचा. अपग्रेड प्रत्येक तिकिटावर होतं असं नाही, म्हणून तिकीट घेतानाच अटी वाचा. सर्वांत स्वस्त तिकीट घेऊन नंतर अपग्रेड करू, हा बेत फसू शकतो.

माइल्स ओळखीच्यांना विकायचा विचार कुणी सुचवला तर नको म्हणा. ते नियमाबाहेर आहे, आणि त्यापायी खातं बंद होऊ शकतं. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात माइल्स पाठवण्यालाही शुल्क लागतं. घरच्या घरी असेल तर त्यापेक्षा ‘माय फॅमिली’च बरं.

दुसऱ्या कंपन्यांनी प्रवास करणाऱ्यांसाठी थोडक्यात. कॅनडातल्या मंडळींना एअर कॅनडाच्या एरोप्लानमध्ये आठ जणांचा गट करता येतो. ब्रिटिश एअरवेजच्या हाउसहोल्ड खात्यात एव्हिऑस (त्यांचे माइल्स) ज्याच्या त्याच्या नावावर राहतात, पण खर्च करताना सगळ्यांकडून प्रमाणात कापले जातात. मुलाचेही कापले गेले म्हणून दचकू नका. अमेरिकेत युनायटेडने २०२४ मध्ये पाच जणांपर्यंतचा गट सुरू केला, आणि त्यांच्या माइल्सना मुदतच नाही. एअर इंडियाच्या महाराजा क्लबमध्येही कुटुंबाचे पॉइंट एकत्र करता येतात. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये एकत्र खातं नाही, त्याऐवजी आपल्या माइल्सवर ज्यांचं तिकीट काढायचं अशा पाच जणांची यादी द्यावी लागते. यादी बदलायला शुल्क पडतं, म्हणून पाचही जागा एकदम भरू नका. एखादी जावयासाठी मोकळी ठेवा.