अंतिम वर्षाचं कलाप्रदर्शन आणि विदर्भाचा उन्हाळा: या चुका टाळा

चित्रावर सही झाली म्हणजे काम संपलं असं धरून चालणं, ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. वाळवण, चौकट, हुक, बांधाबांध, प्रवास, लेबल हे सगळं त्यानंतर उरतं, आणि आपल्याकडे ते नेमकं मार्च-एप्रिलमध्ये येतं. पारा चाळिशीपार गेलेला, हवा कोरडीठाक, दुपारी लाइटचा भरवसा नाही आणि चांगल्या रंगांसाठी नागपूर किंवा अमरावती गाठायचं. मुंबई-पुण्याच्या हवेत बसलेल्या सवयी इथे अर्ध्याच कामी येतात.

म्हणून तारखा उलट्या मोजा. प्रदर्शन १५ एप्रिलला असेल, तर तैलरंगाचे जाड थर फेब्रुवारीअखेर थांबवा आणि पातळ थर मार्चच्या मध्यापर्यंत. मातीकाम भट्टीत जाण्याआधी सावलीत तीन-चार आठवडे वाळायला हवं, त्यामुळे तेही फेब्रुवारीतच घडवून व्हायला पाहिजे. फ्रेमवाल्याकडे किमान दहा दिवस आधी जा, कारण एप्रिल-मे लग्नसराईचा काळ आणि त्याच्याकडे लग्नाच्या फोटोंची रांग असते. शेवटचे तीन दिवस फक्त बांधणी आणि प्रवासासाठी राखून ठेवा. त्यात रंगाला हात लावायचा नाही.

तैलरंग उन्हात ठेवणं

टिनाच्या छपरावर किंवा अंगणात कॅनव्हास ठेवला की लवकर वाळेल, हा समज सर्रास दिसतो. तैलरंग पाणी उडून वाळत नाही. जवसाच्या तेलाचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होतो आणि थर घट्ट बनतो. कडक उन्हात वरची साय पटकन धरते, आत ओला रंग तसाच राहतो आणि नंतर पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या पडतात. जाड, तेलकट थरावर त्या हमखास दिसतात. एकदा सुरकुती पडली की तो भाग खरवडून पुन्हा रंगवण्याशिवाय इलाज नाही. उजेड आणि वारा असलेली सावली, म्हणजे ओसरी किंवा पडवी, वाळवणाला सगळ्यांत चांगली. मात्र फुफाट्याच्या दिवसांत वर पातळ कापड आडवं टांगा, नाहीतर ओल्या रंगात धूळ कायमची बसते.

घाणीचं जवसतेल आपल्याकडे सहज मिळतं, म्हणून तेच माध्यम म्हणून वापरायचा मोह होतो. खाण्याच्या तेलात चिकट गाळ राहिलेला असतो. ते सावकाश वाळतं आणि जास्त पिवळं पडतं. हार्डवेअरच्या दुकानातलं उकळवलेलं जवसतेल लवकर वाळतं, पण काळवंडतं. चित्रासाठीचं शुद्ध केलेलं तेलच घ्या, लहान बाटली पुरते.

रंगारंगांतही फरक आहे. अंबर हा मातकट तपकिरी रंग दोन-तीन दिवसांत हाताला कोरडा लागतो. आयव्हरी ब्लॅक, कॅडमियम लाल आणि टायटॅनियम पांढरा आठवडा-दोन आठवडे घेतात. पार्श्वभूमीला काळा लावून वर अंबरचे थर चढवले, तर वरचा थर आधी घट्ट होऊन तडकतो. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ, वरचे क्रमाने तेलकट, हा नियम परीक्षेच्या घाईतही मोडायचा नाही.

काही भाग मेल्यासारखे मॅट दिसत असतील, तर आख्ख्या चित्रावर चकचकीत व्हार्निश मारू नका. पक्कं व्हार्निश तैलचित्राला सहा महिने ते वर्षभरानंतरच. तोवर जवसतेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात घेऊन, मऊ कापडाने अगदी पातळ चोळा आणि पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसून काढा. रंगाची खोली परत येते.

चौकट आणि कॅनव्हास

गावातला सुतार दाराच्या चौकटी उत्तम करतो. कॅनव्हासची चौकट मात्र त्याला समजावून सांगावी लागते. समोरच्या बाजूची आतली कड रंधून उतरती हवी. ती सपाट राहिली, तर काही दिवसांत चित्रावर चारही बाजूंनी लाकडाची सरळ रेघ उमटते. तीन फुटांवर लांबी गेली की मध्ये आडवी पट्टी घ्या. लाकूड मुरलेलं हवं. ओल्या लाकडाची चौकट उन्हाळ्यात पिळते आणि भिंतीवर चित्राचा एक कोपरा उचललेला राहतो. चौकट ताब्यात घेताना दोन्ही कर्ण सुतळीने मोजा. फरक निघाला तर तिथेच दुरुस्त करून घ्या.

मांजरपाट वापरणार असाल तर आधी धुऊन आटवून घ्या. पिना प्रत्येक बाजूच्या मधोमध सुरू करून कोपऱ्यांकडे सरकत मारायच्या, समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून. कोऱ्या सुती कापडावर थेट तैलरंग लावला तर तेलाने धागा कुजतो. एक भाग फेविकॉल आणि तीन-चार भाग पाणी असा पातळ हात देऊन वर जेसोचे, म्हणजे कॅनव्हासला द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन-तीन हात द्या, प्रत्येक हातानंतर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा. फेविकॉलचा जाड, चकचकीत थर दिला तर रंग त्यावर धरत नाही, नखाने सोलून निघतो. भिंतीचा डिस्टेंपर स्वस्त असतो, पण गुंडाळताना तडकतो.

कॅनव्हास सैल पडला तर आधी कोपऱ्यांतल्या पाचरी हलक्या ठोका. तेवढ्याने भागलं नाही, तर ॲक्रिलिकच्या चित्राला मागून ओलसर स्पंजने एकसारखं पुसून सावलीत वाळू द्या. पाणी ओतायचं नाही.

ॲक्रिलिकवर बबल रॅप

दरवर्षी कुणाच्या तरी चित्रावर हे पाहायला मिळतं आणि पाहवत नाही. ॲक्रिलिक वाळल्यावरही प्लास्टिकच असतं. उष्णतेने ते मऊ पडतं. ताडपत्रीखाली दोन तास प्रवास झाला की बबल रॅपचे फुगे थरात रुततात. रॅप काढताच सपाट आकाशभर एका ओळीत गोल, चकचकीत ठिपके दिसतात. दोन चित्रं समोरासमोर ठेवली असतील तर ती चिकटतात, आणि ओढून सोडवताना एकाचा रंग दुसऱ्यावर जातो.

चित्रावर आधी सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंगचा कागद, त्यावर कोरुगेटेड पुठ्ठा आणि मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. वर्तमानपत्र कधीच नको, शाई उतरते. दोन चित्रांमध्ये चार कोपऱ्यांना थर्माकोल किंवा पुठ्ठ्याचे तुकडे लावून एक इंच फट ठेवा. ठिपके पडलेच आणि फक्त चमक बदलली असेल, तर संपूर्ण पृष्ठभागावर मॅट व्हार्निशचा एकसारखा हात दिला की भागतं. खळगे पडले असतील तर तो भाग रंगवावाच लागतो, म्हणून मूळ मिश्रणाचा थोडा रंग छोट्या डबीत सोबत न्या.

रंगवतानाही उन्हाळ्याचं भान हवं. पॅलेटवरचा रंग पाच मिनिटांत साय धरतो म्हणून लोक पाणी वाढवत जातात. रंगाच्या निम्म्याहून जास्त पाणी झालं की रंगाची पकड सुटते आणि बोट फिरवलं तरी रंग निघतो. त्यापेक्षा ताटलीत ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग घ्या. मोठे सपाट भाग सकाळी नऊच्या आत उरका.

शेतातली माती शिल्पाला वापरणं

आपल्या मातीतून शिल्प घडवावं ही ओढ खरी आहे आणि ती सोडू नका. पण कापसाच्या शेतातली काळी माती पाण्याने भरपूर फुगते आणि वाळताना तितकीच आकसते. उन्हाळ्यात त्याच शेतात पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. निव्वळ काळ्या मातीच्या शिल्पातही त्याच पडणार. कुंभार वापरतात तो तळ्याचा गाळ जास्त विश्वासाचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे मालगुजारी तलाव आहेत, तिथल्या कुंभारांना विचारा. कोणत्या काठाची माती चालते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

मातीची परीक्षा सोपी आहे. तळहाताएवढी पट्टी थापा, तिच्यावर नेमकी १० सेंटिमीटरची रेघ मारा आणि सावलीत पूर्ण वाळवून पुन्हा मोजा. रेघ ९ सेंटिमीटरच्या खाली गेली तर माती फार चिकण आहे. चार भाग मातीला एक भाग बारीक चाळलेली रेती घाला, सोबत मूठभर बारीक कुटार किंवा धानाचा कोंडा. भट्टीत तो जळतो आणि वाफेला वाट मिळते.

काळ्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे असतात. न चाळता वापरले तर भाजल्यावर शिल्प ठाकठीक दिसतं, पण तो जळलेला चुना हवेतला ओलावा ओढून फुगतो आणि काही दिवसांनी वरचा टवका उडतो, कधी ऐन प्रदर्शनात. माती पाण्यात कालवून बारीक जाळीतून गाळा. तरीही शंका असेल, तर भाजून निवलेलं शिल्प लगेच काही तास पाण्यात बुडवून ठेवा. तेवढ्याने हा धोका बराच कमी होतो.

भाजायच्या शिल्पातला लोखंडी सांगाडा काढलाच पाहिजे. माती आकसते, लोखंड आकसत नाही. आतून पोकळ करा, भिंत सगळीकडे दीड सेंटिमीटरच्या आसपास सारखी ठेवा आणि हवेला एक छिद्र द्या. पहिले चार-पाच दिवस ओलं गोणपाट आणि प्लास्टिक, मग नुसतं प्लास्टिक, मग उघडं. नाक, बोटं, कान आधी वाळतात. तेवढे भाग वेगळे ओल्या फडक्याने झाका. आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, सुरुवातीची आच मंदच हवी, आत पाणी उरलं असेल तर वाफेने तुकडे होतात. भाजल्यावर पडलेली बारीक भेग एपॉक्सीत विटेची भुकटी कालवून भरता येते.

पीओपीच्या साच्याला टाकीतलं तापलेलं पाणी वापरू नका, ओतायच्या आत घट्ट होतं. माठातलं घ्या. पाण्यात पीओपी भुरभुरायचं, उलट नाही. वर कोरडी बेटं दिसू लागली की थांबायचं.

फायबर कास्टिंगमध्ये, म्हणजे साच्यात रेझिन आणि काचतंतू घालून शिल्प काढताना, एक चूक जिवावर बेतते: कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालायचं द्रव्य) आणि हार्डनर थेट एकमेकांत मिसळणं. त्याने भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच हार्डनर घाला. चाळीस अंशांत किलोमागे १० ग्रॅम हार्डनर पुरतो. एका वेळी अर्धा किलोच कालवा, पहाटे आणि उघड्यावर. तोंडाला बांधलेला दुपट्टा रेझिनची वाफ अडवत नाही. वाफेसाठीचा फिल्टर असलेला मास्क लागतो.

प्रवास

तीन बाय चार फुटांचा कॅनव्हास एसटीच्या दारातून शिरत नाही, आणि टपावर टाकायची वस्तू ती नव्हे. चार-पाच जणांनी मिळून छोटा हत्ती करा. चित्रं आडवी न रचता उभी, गाडीच्या लांबीला समांतर ठेवा. ताडपत्री चित्रांना टेकू देऊ नका. पहाटे निघा. फेब्रुवारी ते एप्रिल अवकाळी आणि गारपिटीचा काळ, म्हणून निरभ्र आभाळ असलं तरी ताडपत्री हवीच. फार मोठा कॅनव्हास चौकटीतून काढून नेता येतो: किमान चार-सहा इंच व्यासाच्या पीव्हीसी पाइपवर, रंगवलेली बाजू बाहेर ठेवून.

बांधण्याआधी प्रत्येक कामाचा फोटो घ्या. सकाळी आठच्या सुमारास सावलीत, मोबाइल चित्राच्या बरोबर मध्यासमोर आणि चित्राला समांतर धरून, चार पावलं मागे सरून थोडा झूम. जवळून घेतला तर कडा फुगतात.

हॉलमध्ये

आणलेलं सगळंच लावायचं नसतं. दहापैकी सहा लावा. परीक्षकाला आवडेल म्हणून बंडी आणि फेटेवाला शेतकरी काढू नका. तुमच्या घरच्या आडोशाला रचलेल्या तुराट्या तुम्ही रोज बघता, त्यांचं चित्र जास्त जिवंत होईल.

कूलरच्या झोतासमोर कागदावरचं काम टांगू नका. दमट वाऱ्याने कागद तासाभरात लाटा धरतो, आणि चारही बाजूंनी सेलोटेपने चिकटवला असेल तर मध्ये फुगतो. कागद फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी बिजागरीसारखा चिकटवा आणि काच माउंटमुळे, म्हणजे कागदाभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या कडेमुळे, कागदापासून दूर राहू द्या. कूलरजवळची भिंत शिल्पांना द्या.

सगळ्या चित्रांचे मध्यबिंदू जमिनीपासून ५८ इंचांवर एका रेषेत घ्या. चित्र ३६ इंच उंच असेल आणि ताणलेली तार वरच्या कडेखाली ४ इंचांवर येत असेल, तर हुक ५८ अधिक १८ वजा ४, म्हणजे ७२ इंचांवर. सुतळी रात्रीतून ताणते आणि सकाळी ओळ मोडलेली असते. तारच वापरा, आणि हुक दोन.

व्हिडिओ लावणार असाल तर कूलर आणि प्रोजेक्टर एका बोर्डावर नकोत. बहुतेक प्रोजेक्टर ३५ ते ४० अंशांपर्यंतच चालतात, त्यानंतर आपोआप बंद पडतात. दोन बाजूंनी हवा खेळती ठेवा, लाइट गेल्यावर पुन्हा कोण सुरू करणार हे ठरवा आणि तीच फाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवरही ठेवा.

लेबलवर नाव, शीर्षक, माध्यम, उंची आणि मग रुंदी, वर्ष. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर डीटीपीवाल्याच्या जुन्या फॉन्टमध्ये जाताना जोडाक्षरं फुटतात. छापण्याआधी कागदावर प्रूफ काढून वाचा, आणि जमलं तर स्वतः पीडीएफ करूनच द्या.

प्रदर्शन उतरवल्यावर पॅकिंगचं साहित्य टाकू नका, परतीलाही तेच लागतं. घरी टिनाखालच्या खोलीत किंवा थेट मातीच्या भिंतीला टेकवून चित्रं ठेवली, तर उन्हाळ्यात रंग चिकटतात आणि पावसाळा लागताच वाळवी चौकटीत शिरते. विटांवर फळी टाका, भिंतीपासून चार बोटं अंतर सोडा, वरून सुती चादर घाला आणि महिन्यातून एकदा मागची बाजू तपासा.