डच बास्केटबॉल प्लेअरचं परदेशातलं करिअर नीट वाचायचं कसं

एनबीए या अमेरिकेतल्या मोठ्या लीगमधल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या मॅचेस बघणाऱ्यांना क्विंटेन पोस्ट एव्हाना ओळखीचा झालाय, तोच तो सात फुटी सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच प्लेअर) जो बाहेरून बिनधास्त थ्री (तीन पॉइंटचा शॉट) मारतो. मग साहजिकच आपण त्याचं पेज उघडतो आणि बघतो तर जन्म अ‍ॅमस्टरडॅमचा, पुढे मिसिसिपी स्टेट आणि बोस्टन कॉलेज ही अमेरिकन कॉलेजं, सांता क्रूझ, आणि मग कुठे गोल्डन स्टेट. युरोपात खेळणाऱ्या डच प्लेअर्सची यादी तर याहून लांब असते, दर वर्षी नवीन गाव. आपल्याकडे बहुतेक जण त्यात एकच गोष्ट शोधतात, एनबीए आहे का? नसेल तर पान बंद. पण खरं करिअर या गावांच्या मध्ये लपलेलं असतं आणि ते वाचायला जमतं, थोडी सवय लागते एवढंच.

सगळ्यात आधी जन्मगाव आणि शिकलेलं गाव वेगळं काढा. स्वेन नेटरचा जन्म 1950 चा, डेन हेल्डरचा, पण तो लहानपणीच अमेरिकेत गेला आणि बास्केटबॉल सगळं तिथेच शिकला. युसीएलए या अमेरिकन कॉलेजमध्ये स्टार सेंटर बिल वॉल्टनचा बॅकअप, एकही मॅच स्टार्ट केली नाही, तरी 1973 मध्ये पहिल्या राउंडला ड्राफ्ट झाला (ड्राफ्ट म्हणजे टीम्स आळीपाळीने नवीन प्लेअर निवडतात), पुढे एबीए या तेव्हाच्या दुसऱ्या अमेरिकन लीगचा रूकी ऑफ द इयर (नवख्यांत सर्वोत्तम) आणि 1979-80 मध्ये एनबीएत रिबाउंडला (हुकलेला शॉट पकडणं) नंबर एक, मॅचला सरासरी 15. जबरदस्त करिअर, पण त्यावरून डच बास्केटबॉलबद्दल काही कळत नाही. वर्थी डे याँगचं उलट, जन्म सुरिनाममधल्या पारामारिबोचा आणि खेळाडू म्हणून पक्का डच. रिक स्मिट्स मात्र दोन्ही बाजूंनी डच, आइंडहोवनचा (हो, तेच, जिथे आज आपली बरीच मंडळी भाड्याचं घर शोधत फिरतात), तिथून न्यूयॉर्क राज्यातलं मॅरिस्ट हे छोटं कॉलेज, 1988 च्या ड्राफ्टमध्ये दुसरा नंबर, आणि 2000 पर्यंत बारा सीझन एकाच इंडियाना पेसर्सकडे. पण स्मिट्सला मोजपट्टी बनवू नका प्लीज, 2.24 मीटर उंची सगळ्यांना मिळत नाही.

मग बघायचं पोरगा घरातून बाहेर पडला तो कुठल्या दाराने. नेदरलँड्समधली घरची लीग लहान, 2021 पासून ती बेल्जियमबरोबर मिळून बीएनएक्सटी लीग झालीये, डेन बॉश, ग्रोनिंगेन, लायडन हे तिथले मोठे क्लब. चांगला खेळणारा कधीतरी बाहेर पडतोच. एक दार अमेरिकन कॉलेजचं, दुसरं युरोपातल्या मोठ्या क्लबचं, जसा हेंक नोरेल स्पेनमध्ये बादालोनाला गेला. कॉलेजवाल्याची मधली तीन-चार वर्षं प्रो म्हणून धरायची नाहीत, आणि मध्येच कॉलेज बदललं तर लगेच भांडण झालं असणार असंही समजायचं नाही, पोस्टने बदललं आणि बोस्टन कॉलेजला गेल्यावरच तो फुलला.

ड्राफ्टची ओळ दिसली की थांबा. ड्राफ्ट होणं म्हणजे एनबीए खेळणं नाही. नोरेलला 2009 मध्ये मिनेसोटा या एनबीए टीमने 47 वा घेतला, एनबीएची एकही मॅच झाली नाही, करिअर बहुतेक स्पेनमध्येच झालं आणि ते चांगलंच झालं. फ्रान्सिस्को एल्सनची केस तर मुद्दाम शांतपणे वाचा. रॉटरडॅमचा मुलगा, आधी टेक्सासमधलं किल्गोर नावाचं ज्युनिअर कॉलेज, मग कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटी, 1999 ला डेन्वर या एनबीए टीमने दुसऱ्या राउंडमध्ये घेतला. आणि डेन्वरच्या जर्सीत तो दिसला कधी, तर 2003 ला! मधली वर्षं स्पेनमध्ये, बार्सिलोना, व्हॅलेन्सिया, सेव्हिया. नुसतं पान चाळणाऱ्याला वाटेल चार वर्षं वाया गेली, पण उंच माणूस रोज स्पॅनिश लीगमधल्या कसलेल्या सेंटर्सचे धक्के खात तयार होतो तो असाच. 2006 मध्ये तो सॅन अँटोनिओ स्पर्सकडे गेला आणि 2007 च्या फायनलमध्ये स्पर्सनी लेब्रॉन जेम्सच्या क्लीव्हलँडला 4-0 धुतलं, एल्सन त्या टीममध्ये होता. किल्गोर ते चॅम्पियनशिप, यात स्पेन गाळलं तर काहीच लागत नाही.

आता माझी आवडती गोष्ट, महिना. क्लबच्या नावापेक्षा सही कुठल्या महिन्यात झाली ते बघा. जून-जुलैत झाली म्हणजे कोचला तो प्लॅनमध्ये हवा होता. डिसेंबर-जानेवारीत झाली म्हणजे बहुतेक कोणाला तरी लागलंय किंवा कोणाला तरी काढलंय, आणि हा भरायला आलाय. मार्चमध्ये नवीन क्लब म्हणजे प्लेऑफसाठी (सीझनअखेरच्या बाद फेऱ्या) घाईघाईत. त्यानंतर दरवाजे बंद होतात, प्रत्येक लीगची डेडलाइन असते, आणि त्यावरून कोर्टकचेऱ्याही झाल्यात. 1996 मध्ये लेहटोनेन नावाच्या फिनिश प्लेअरला बेल्जियन क्लबने डेडलाइननंतर खेळवलं, क्लबने जिंकलेली मॅच गेली, प्रकरण थेट युरोपियन कोर्टात, आणि 2000 मध्ये निकाल आला की युरोपातल्या प्लेअरला बाहेरच्यांपेक्षा आधीची डेडलाइन लावायची तर तसं सबळ कारण पाहिजे. देश बदलताना आधीच्या देशाच्या फेडरेशनकडून लेटर ऑफ क्लिअरन्सही लागतं, त्यामुळे सही झाली पण दोन मॅच बाहेर बसला, असं दिसलं तर आधी कागद अडकलाय का बघा, फॉर्म वगैरे नंतर.

पासपोर्ट हा दुसरा मोठा मुद्दा. डच म्हणजे युरोपियन युनियनचा, म्हणजे स्पेन, इटली, जर्मनी कुठेही वर्क परमिटची कटकट नाही, अमेरिकन प्लेअरला असते. पण इथे लोक गल्लत करतात. काम करायची मोकळीक वेगळी आणि लीगमधली जागा वेगळी. जर्मनीत बाराच्या टीममध्ये सहा जर्मन लागतात, उरलेल्या सहात डच पण आला आणि अमेरिकन पण आला. म्हणजे तिथे खेळणारा डच गार्ड अमेरिकन गार्डशी थेट त्याच खुर्चीसाठी भांडतोय. तिथे तो टिकला असेल तर त्याला मार्क जास्त द्या.

आकडे बघताना, युरोपात मॅच 40 मिनिटांची, एनबीएत 48 ची. शिवाय मोठ्या क्लबमध्ये दहा-अकरा जण फिरवतात, त्यामुळे मॅचला 9 पॉइंट म्हणजे किरकोळ नाही, आधी मिनिटं बघा मग पॉइंट. रिअलजीएम किंवा प्रोबॉलर्सवर दोन्ही सापडतं. एनबीएवाल्याचं कॉन्ट्रॅक्ट टू-वे (एनबीए टीम आणि तिची खालच्या लीगमधली टीम, दोन्हीकडे खेळायचं) आहे का तेही बघा, पोस्ट 2024 मध्ये 52 वा ड्राफ्ट झाला आणि सुरुवात टू-वेवरच केली, म्हणून तर त्याच्या यादीत सांता क्रूझ, ती वॉरियर्सची जी लीग, म्हणजे खालच्या लीगमधली टीम. फेब्रुवारी 2025 ला पक्कं कॉन्ट्रॅक्ट मिळालं.

पैशाबद्दल बातम्यांत फारसं येत नाही. युरोपात बरेचदा पगार टॅक्स कापून हातात किती तेवढाच ठरतो, वर फ्लॅट आणि गाडी क्लबची. मधूनच एखादा प्लेअर सीझन अर्धवट सोडून निघून गेला की चाहते शिव्या घालतात, पण बरेचदा पगार थकलेला असतो. अशा भांडणांसाठी फिबाचं (जागतिक बास्केटबॉल संघटना) बीएटी नावाचं लवाद आहे, कॉन्ट्रॅक्टमध्ये तसं कलम असेल तर प्लेअर तिथे जातो आणि क्लबने निकाल पाळला नाही तर नवीन प्लेअर रजिस्टर करायला बंदी येऊ शकते. त्यामुळे अर्धवट सीझन दिसला की क्लबच्या नावाबरोबर बीएटी टाकून एकदा सर्च माराच.

नॅशनल टीमचं पण असंच. नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत क्वालिफायरच्या विंडो असतात, एनबीए त्यासाठी थांबत नाही, त्यामुळे सगळ्यात भारी डच माणूसच लिस्टमध्ये नसतो आणि लोक म्हणतात याला देशाचं काही नाही.

आणि शेवटी थ्री बाय थ्री, म्हणजे तीन विरुद्ध तीन बास्केटबॉल, हे वेगळं शोधावं लागतं, नेहमीच्या स्टॅट्सच्या पानांवर बरेचदा दिसतच नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिक फायनलमध्ये नेदरलँड्स विरुद्ध फ्रान्स, तेही फ्रान्सच्या घरी, 16-16 वरून ओव्हरटाइम, ज्याचे आधी दोन पॉइंट तो जिंकला, फ्रान्सने एक काढला, आणि मग डे याँगने लांबून टू-पॉइंटर घातला, 18-17, गोल्ड. तेव्हा तो 36 चा होता. एखाद्या डच प्लेअरची क्लबांची यादी अचानक संपलेली दिसली तर रिटायर झाला असं लिहून मोकळं होण्याआधी फिबाच्या थ्री बाय थ्री साइटवर त्याचं नाव टाकून बघा.