टर्मिनलवर चालते, बूटनंतर अडते: कर्बेरोसची कीटॅब तपासा
नाशिकमधील सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात वीज जाऊन आल्यावर ओपनएलडॅप (वापरकर्त्यांची माहिती ठेवणारी निर्देशिका सेवा) सर्व्हर आपोआप सुरू होतो, पण कर्बेरोसने (तिकिटांद्वारे ओळख पटवणाऱ्या प्रणालीने) लॉगिन होत नाही, आणि तीच सेवा टर्मिनलवरून रूट (सर्वाधिकारी खाते) म्हणून चालवल्यास सारे सुरळीत होते, असे आढळल्यास प्रथम कीटॅब, म्हणजे सेवेच्या गुप्त किल्ल्या ठेवणारी फाइल, तपासावी. मूळ कीटॅब सहसा फक्त रूटलाच वाचता येते, तर सेवा बहुधा कमी अधिकारांच्या खात्याने चालते. म्हणून एलडॅप प्रिन्सिपलची (कर्बेरोसमधील सेवेच्या ओळखनावाची) स्वतंत्र कीटॅब काढून तिची मालकी त्या खात्याला द्यावी आणि तिचा पाथ सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्येच व्हेरिएबल म्हणून एक्स्पोर्ट करावा, कारण लॉगिन शेलमधील व्हेरिएबल बूटच्या वेळी मिळत नाहीत. मूळ फाइल सर्वांना वाचनीय करणे हा मात्र उपाय नव्हे, उघड धोका आहे. घड्याळही पाहावे: यंत्रांच्या घड्याळांतील 5 मिनिटांहून अधिक फरक कर्बेरोस सहसा स्वीकारत नाही.