मिडल इअर इम्प्लांट बसवायचं का? कानाच्या मशीनला कंटाळलेल्यांसाठी थोडं सविस्तर

माझं काम ऑडिओमेट्रीच्या खोलीत बसायचं. रोज तेच, हेडफोन लावा, आवाज आला की बटण दाबा. त्यात एक काका यायचे, साठी उलटलेली, लहानपणापासून कान वाहायचा, मॅस्टॉइडचं (कानामागच्या हाडाचं) ऑपरेशन दोनदा झालेलं. मुलाने चांगलं महागाचं मशीन घेऊन दिलं होतं आणि काका ते रुमालात गुंडाळून खिशात घेऊन यायचे. कानात का नाही घालत विचारलं की म्हणायचे, "अहो घातलं की तिसऱ्या दिवशी कान वाहतो, मग डॉक्टर म्हणतात मशीन काढा, कान कोरडा व्हायला महिना जातो, मग परत घाला, परत तेच." मोल्डने, म्हणजे मशीनच्या कानात बसणाऱ्या साच्याने, भोक बंद झालं की आत हवा लागत नाही, ओल धरते आणि मग चक्र सुरूच राहतं.

हे सगळं लिहितेय ते अशा लोकांसाठी. म्हणजे मशीन आवडत नाही, दिसायला कसंतरी वाटतं म्हणून ऑपरेशन करा असं मी कुणालाही सांगणार नाही. पण कानात मशीन घालताच येत नाही (कान सारखा वाहतो, कानाच्या नळीला सतत इन्फेक्शन, जन्मापासून नळीच नाही, वगैरे), त्यांनी मिडल इअर इम्प्लांटबद्दल, म्हणजे ऑपरेशन करून मधल्या कानात बसवायच्या यंत्राबद्दल, नीट माहिती काढावी.

आधी हे काम कसं करतं ते बघू. शाळेत शिकलेलं आठवतंय ना, हातोडी, ऐरण, रिकीब? पडदा हलला की ही तीन हाडं हलतात आणि कंप आतल्या कानात पोचतो. साधं मशीन आवाज मोठा करून पडद्यावर सोडतं. इम्प्लांट आवाज मोठा करत बसत नाही, ते थेट हाडालाच हलवतं. सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं म्हणजे व्हायब्रंट साउंडब्रिज. त्यात एक छोटंसं कंप पावणारं यंत्र असतं, लांबी 2.3 मिलिमीटर, वजन 25 मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाच्या एका दाण्याएवढं, आणि ते ऐरणीच्या हाडाला क्लिपने अडकवतात. कानामागे कातडीखाली रिसीव्हर, आणि त्याच्यावर केसात लपणारा बाहेरचा प्रोसेसर, तो चुंबकाने चिकटतो. कानाचं भोक पूर्ण मोकळं, त्यामुळे माठात तोंड घालून बोलल्यासारखा स्वतःचा आवाज घुमत नाही आणि जेवताना मशीन शिट्टी पण मारत नाही. हे शोधून काढणारे जेफ्री बॉल स्वतः लहानपणापासून कमी ऐकू येणारे, नंतर त्यांनी स्वतःच्या कानात पण हेच बसवून घेतलं.

आता तुम्हाला चालेल का ते बघायचं. ऑडिओग्रामवर (ऐकण्याच्या टेस्टच्या ग्राफवर) दोन रेघा असतात, एक हवेतून ऐकण्याची, एक कवटीच्या हाडातून. दोन्ही सोबतच खाली गेल्या असतील तर दोष आतल्या कानात म्हणजे नसेचा, आणि मधे फट असेल तर दोष पडद्यात किंवा हाडांत. नसेच्या दोषात हे मध्यम ते बऱ्यापैकी जास्त कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आहे, अगदीच काही ऐकू येत नसेल तर ते कॉक्लियर इम्प्लांटचं (आतल्या कानात तार घालून थेट नसेला सिग्नल देणाऱ्या यंत्राचं) काम. आणि नुसतं ऐकू येणं पुरत नाही, शब्द कळले पाहिजेत. शब्दांच्या टेस्टमधे आवाज पुरेसा मोठा करून निदान 50 टक्के शब्द बरोबर यायला हवेत, कारण आतला कानच शब्द सोडवत नसेल तर हाड कितीही हलवा, काका हो हो करून मान डोलावतील आणि कळलेलं काहीच नसेल. तिसरी गोष्ट, ऐकणं स्थिर पाहिजे, दर सहा महिन्यांनी ग्राफ घसरत असेल तर थांबा.

फट असणाऱ्यांनी एक प्रश्न जरूर विचारायचा, साध्या ऑपरेशनने भागतंय का? पडद्याला भोक असेल तर पडदा बसवता येतो, रिकीब घट्ट झाली असेल तर स्टेपिडॉटमी (रिकिबीचं ऑपरेशन) होते, दोन्ही आपल्याकडे रोज होणारी ऑपरेशन्स आहेत आणि खर्च पण त्या मानाने खूप कमी. दुसरा पर्याय कवटीच्या हाडातून ऐकवणारी मशीन्स. त्यांचा मोठा फायदा म्हणजे डोक्याला पट्टा बांधून आधी ट्रायल घेता येते. मिडल इअर इम्प्लांटची अशी ट्रायल नाही, ऑपरेशन झाल्यावरच कळतं. म्हणून पट्टा लावून चार दिवस घरी टीव्ही बघा, कुकरची शिट्टी ऐका, नातवाशी बोला, मग ठरवा. घाई कसली आहे!

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं, कानामागे चिरा देऊन. धोके सांगताना डॉक्टर पटपट बोलून जातात, तर दोन गोष्टी तुम्ही स्वतः थांबवून विचारा. एक, चेहऱ्याची नस त्याच वाटेवर असते, तिला इजा झाली तर चेहरा वाकडा होऊ शकतो. असं क्वचित होतं, पण ऑपरेशनमधे नसेवर लक्ष ठेवणारा मॉनिटर लावणार का ते विचारा. दोन, जिभेच्या चवीची बारीक नस हातोडी आणि ऐरणीच्या मधून जाते, ती ताणली गेली की एका बाजूला चहा पत्र्यासारखा लागतो, बहुतेकांचं काही महिन्यात बरं होतं पण आधी माहीत नसलं की माणूस घाबरतो. चक्कर, कानात गुंई आवाज, इन्फेक्शन, उरलेलं ऐकणं थोडं कमी होणं, हे पण आहेच. कान वाहणारा असेल तर आधी तो रोग पूर्ण काढून कान कोरडा करायचा, त्याच्यावर तडजोड नाही.

टाके सुकल्यावर, साधारण 6 ते 8 आठवड्यांनी, प्रोसेसर चालू करतात. म्हणजे घरी येताना ऐकू आलेलं नसतं, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा नाहीतर "एवढे पैसे घालून काहीच फरक नाही" चालू होतं. पहिल्या दिवशी आवाज पातळ, चिरका वाटू शकतो. सेटिंगला तीन-चार वेळा तरी यावं लागतं.

आता खरा मुद्दा, 10-15 वर्षांनी काय? फ्रान्समधे 5 ते 8 वर्ष साउंडब्रिज वापरलेल्यांना तपासलं तेव्हा फायदा टिकून होता आणि त्या कानातलं मूळचं ऐकणं साधारण दुसऱ्या कानाइतकंच कमी झालं होतं, म्हणजे वयाने होतं तेवढंच. पण वय थांबत नाही, आतला कान म्हातारा होतोच, इम्प्लांट तो थोपवत नाही. कधी क्लिप सैल होते किंवा सरकते, कधी ऐरणीचं हाड झिजतं, मग परत उघडावं लागतं. ज्यांची हाडंच उरलेली नाहीत त्यांना यंत्र आतल्या कानाच्या गोल खिडकीपाशी (पातळ पडद्याने झाकलेल्या बारीक भोकापाशी) टेकवतात. इटलीच्या कोलेट्टींनी 2006 मधे ही पद्धत मांडली, काकांसारख्यांसाठी वरदानच, पण तिथे यंत्र नीट टेकणं नाजूक काम असतं म्हणून निकाल माणसागणिक बदलतो. तुमच्या सर्जनने अशी किती केली आहेत हे विचारायला लाजू नका.

बॅटरी कुठे आहे हा प्रश्न पण असाच. साउंडब्रिजच्या आतल्या भागात बॅटरीच नाही, सेल बाहेरच्या प्रोसेसरमधे, आपला आपण बदलायचा. अमेरिकेत 2010 मधे मान्यता मिळालेलं एस्टीम नावाचं दुसरं इम्प्लांट पूर्ण आत बसतं, बाहेर काहीच दिसत नाही, ऐकायला छान, पण त्याची बॅटरी साडेचार ते नऊ वर्षांनी संपते आणि बदलायला परत छोटं ऑपरेशन, शिवाय ते बसवताना ऐरणीचा तुकडा कापतात. मला स्वतःला हा सौदा पटत नाही.

आणि कंपनी! साउंडब्रिज ज्यांनी बनवलं ती सिम्फोनिक्स कंपनी 2002 च्या सुमारास गुंडाळली गेली, 2003 मधे ऑस्ट्रियाच्या मेड-एलने ते घेतलं म्हणून पेशंट वाचले. पूर्ण आत बसणारं कॅरिना नावाचं इम्प्लांट पण बाजारातून गेलं. फ्रिजची कंपनी बंद पडली तर दुसरा फ्रिज घेतो, इथे वस्तू डोक्यात आहे. म्हणून प्रोसेसर किती वर्षांनी बदलावा लागेल, त्याचा आजचा दर काय, महाराष्ट्रात सर्व्हिस कोण देतं, हे कोटेशनवर लिहून घ्या. तोंडी नको.

एमआरआयचं पण आधीच बघा. साउंडब्रिजच्या जुन्या मॉडेलला एमआरआय चालायचाच नाही, नवीन व्हीओआरपी 503 ला (हे आतल्या भागाचं मॉडेल) 1.5 टेस्लापर्यंत अटींसह चालतो, टेस्ला म्हणजे एमआरआयच्या चुंबकाची ताकद. आपल्याकडे बऱ्याच सेंटरला 3 टेस्लाची मशीन्स आहेत, आणि पन्नाशीनंतर कंबर, गुडघा, मेंदू, कशाचा ना कशाचा एमआरआय निघतोच. इम्प्लांटचं कार्ड मिळतं, त्याचा फोटो मोबाईलमधे आणि घरच्या दोघांच्या मोबाईलमधे ठेवा. डोक्या-मानेचं किंवा दाताचं काही ऑपरेशन असेल तर आधी कार्ड दाखवा, कारण काही प्रकारची करंटची कॉटरी (रक्त थांबवायला विजेने डाग देणं) डोक्याजवळ चालत नाही. चुंबकाखालची कातडी लाल झाली, दुखायला लागली तर सहन करू नका, कमी ताकदीचा चुंबक मिळतो.

पहिल्यांदा डॉक्टरकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. जुने ऑडिओग्राम, आधीच्या ऑपरेशनचे कागद, सीटी स्कॅन असेल तर तो. दोन-तीन वर्षांपूर्वीचा ग्राफ घरात कुठेतरी असतोच, बहुतेक लाईट बिलांच्या फाईलमधे, शोधा, कारण ऐकणं स्थिर आहे का हे ठरवायला नवीन टेस्टपेक्षा तो जुना कागद जास्त कामाला येतो.